फराळाच्या व्यवसायाची नवी घडी: एका सल्लासेवेचा अनुभव

कोथरूडमध्ये गेली १९ वर्षे मी फराळाचे पदार्थ करून विकते. माझ्याकडे ७ बायका कामाला आहेत. तळणीचे तेल दुसऱ्या दिवशी वापरायचे नाही आणि संध्याकाळी सातनंतर कोणीही कढईपाशी उभे राहायचे नाही, असे दोन नियम मी पहिल्या दिवशी घालून घेतले होते. पुढे बंगळूर आणि हैदराबादच्या दुकानांना माल जाऊ लागला, विक्री वाढली आणि दिवाळीआधीचा महिनाभर दुसरा नियम रोज मोडू लागला. तो मोडतो आहे हे दिसत असूनही काय बदलावे ते मला उमगत नव्हते. म्हणून गेल्या वर्षी मी शहरातल्याच एका सल्लागार बाईंची सेवा घेतली. त्या सनदी लेखापाल आहेत आणि फक्त लहान व्यवसायांचे काम पाहतात. अशी सेवा घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी तो अनुभव लिहीत आहे.

पहिल्या भेटीत ताळेबंद उघडण्याआधी त्यांनी मला एक कागद दिला आणि पाच वर्षांनी माझा कामाचा दिवस कसा असावा ते लिहायला सांगितले. मला ते वेळ घालवण्यासारखे वाटले, तरी लिहिले: स्वतः भाजणी भाजायची आहे, वसुलीचे फोन करायचे नाहीत, बायकांना बारा महिने काम द्यायचे आहे आणि माझ्यानंतर हे काम त्यांच्याच हाती राहायला हवे आहे. पुढचा प्रत्येक निर्णय त्यांनी याच कागदाशी ताडून पाहिला, आणि या सेवेचे मोल मला तिथेच दिसले. त्यानंतर तीन आठवडे आम्ही कोणत्या पदार्थाला किती तास लागतात याची वही ठेवली.

त्या वहीत अनारसे तोट्यात निघाले. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवून दळायचे, गुळात मळून पीठ मुरवायचे आणि मग एकेक अनारसा खसखशीवर थापून तुपात सोडायचा, एवढ्या श्रमांचा हिशेब मी किमतीत कधी धरलाच नव्हता. दुसऱ्या कोणी अनारसे बंद करा म्हटले असते. पण ते मी सासूबाईंकडून शिकले आणि त्यांच्याच हातच्या अनारशांवर हा व्यवसाय उभा राहिला, हे ऐकल्यावर बाईंनी निराळी वाट सुचवली: अनारसे फक्त दहा दिवस आधीच्या नोंदणीवर करावेत आणि श्रमांसह खरी किंमत लावावी. मागणी कमी झाली, पण जे मागतात ते आवर्जून मागतात.

परराज्यातील घाऊक विक्री मात्र आम्ही पूर्ण बंद केली. दुकानदार तीन-चार महिन्यांनी पैसे देत आणि न खपलेला माल परत धाडत. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, आणि २०२४-२५ या आकारणी वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत खरेदीदाराला आपल्या आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून वजा दाखवता येत नाही. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, आधीपासून होती, पण तिचा असा उपयोग मला ठाऊक नव्हता. बाईंनी त्या आधारे सौम्य शब्दांत पत्रे लिहून दिली आणि बहुतेक थकबाकी वसूल झाली. राज्याबाहेरची विक्री थांबल्याने जीएसटीची कंपोझिशन योजनाही, म्हणजे लहान व्यवसायांसाठीची सोपी करपद्धत, खुली झाली, कारण परराज्यात माल पुरवणाऱ्याला ती घेता येत नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या उत्पादकाला तीत उलाढालीवर १ टक्का कर भरावा लागतो. तो ग्राहकाकडून वसूल करता येत नाही आणि खरेदीवरील कराची वजावटही मिळत नाही, हे दोन्ही तोटे त्यांनी आमच्या आकड्यांत मांडून दाखवले.

मला उणीव जाणवली ती मालकीच्या प्रश्नात. दोन जुन्या सहकारी बायकांना भागीदार करून घ्यावे ही माझी इच्छा होती. बाईंनी साधी भागीदारी सुचवली, कारण तीत अनुमानित उत्पन्नावर, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून, कर भरण्याची सोय मिळते, जी एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, मिळत नाही. मात्र साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते, आणि हे त्या दोघींना करारनामा तयार झाल्यावरच समजले. त्यांतली एक म्हणाली, ‘ताई, उद्या काही देणं निघालं तर माझी खोली जाईल का?’ हा प्रश्न पहिल्याच महिन्यात त्यांच्यासमोर ठेवायला हवा होता, आणि तसे मी बाईंना स्पष्ट सांगितले. त्यांनी चूक मान्य केली आणि वेगळे शुल्क न घेता २००८ च्या कायद्याखालील एलएलपीचा मसुदा नव्याने केला. आता जबाबदारी भांडवलातील हिश्श्यापुरती आहे. त्यासाठी कर थोडा जास्त जातो आणि दरवर्षी ३० मे व ३० ऑक्टोबरपर्यंत दोन विवरणे भरावी लागतात. नवा पॅन, नवी जीएसटी नोंदणी, नवा अन्नपरवाना आणि नवी उद्यम नोंदणी यांत जवळजवळ तीन महिने गेले. एवढा वेळ लागेल हेही आधी सांगितले गेले नव्हते.

शुल्क टप्प्याटप्प्याने घेतले आणि ते माझ्या आवाक्यातले होते. अहवाल आधी इंग्रजीत आला. मागणी केल्यावर मराठीत मिळाला, म्हणून तो सगळ्याजणींना वाचून दाखवता आला. ज्यांना विक्री वाढवायची आहे त्यांना ही सेवा कदाचित संथ वाटेल. आमची विक्री कमी झाली आहे, पण या दिवाळीआधीच्या महिन्यात एकही दिवस कढई सातनंतर पेटली नाही आणि भाजणी मी स्वतः भाजली.