कॅम्परव्हॅनच्या नावाखाली झालेली फसवणूक: आमचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात आम्ही एका कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, भाड्यापोटी आणि अनामत रकमेपोटी ३,३१४ युरो भरले. मार्चअखेरीस ती गाडी ताब्यात घ्यायला गेलो, तेव्हा तिथे गाडी नव्हती, मालक नव्हता, आणि करारावर ज्या घराचा पत्ता होता त्या घरात राहणाऱ्या माणसाचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता. आपल्या रुपयांत ही रक्कम सव्वातीन लाखांच्या वर जाते. आम्हा दोघांची ती दीड वर्षाची शिल्लक होती. तरीही पैसे गेले एवढ्यावर हे प्रकरण थांबले असते, तर कदाचित मी ते लिहायला बसले नसते. त्यानंतर जे घडले त्यामुळे लिहिणे भाग पडले आहे.

आम्ही मूळचे पुण्याचे. चार वर्षांपासून नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. लग्नानंतर लगेच इकडे आल्यामुळे एकत्र असा मोठा प्रवास झाला नव्हता, म्हणून ईस्टरच्या सुट्टीला जोडून चार आठवडे काढायचे आणि कॅम्परव्हॅनने ऑस्ट्रिया, ब्रेनर खिंडीतून उत्तर इटली, तिथून क्रोएशियातले इस्त्रिया, स्लोव्हेनियातले बोहिन्य सरोवर आणि कारावांकेन बोगद्यातून परत, असा बेत आम्ही आखला. तयारीत आम्ही कसूर ठेवली नव्हती. भारतीय परवाना इथे वास्तव्याला आल्यापासून सहा महिनेच चालतो, त्यामुळे नवऱ्याने परीक्षा देऊन जर्मन परवाना काढला होता. साडेतीन टनांपर्यंतची गाडी त्यावर चालवता येते, म्हणून सामान आणि पाणी धरून वजन किती होईल याचाही हिशेब मांडला होता. ऑस्ट्रियाची आणि स्लोव्हेनियाची विन्येट (महामार्गाच्या टोलचा पास), ब्रेनरचा वेगळा टोल, क्रोएशियात कॅम्पसाइटबाहेर रात्री गाडीत मुक्काम करायला असलेली मनाई, हे सगळे एका वहीत लिहिलेले होते. ती वही आजही माझ्याजवळ आहे. गाडीच्या मालकाविषयी मात्र तिच्यात एक नाव आणि एक फोन नंबर यापलीकडे काहीही नाही.

जाहिरात आम्हाला एका मोठ्या, नावाजलेल्या संकेतस्थळावर मिळाली. सहा मीटरच्या आतली फियाट डुकाटो, मागे आडवा पलंग, दोन शेगड्या, हळदी रंगाचे पडदे. एप्रिल महिन्यासाठी तशाच गाड्यांचे आम्ही पाहिलेले दर एका रात्रीला ९५ ते १२० युरो होते. इथे ७२ मागितले होते. दर फारच कमी असता तर आम्ही सावध झालो असतो. पण तो एवढाच कमी होता की आपण लवकर शोधायला लागलो म्हणून मिळाला, असे मनाला पटावे. फसवणारा माणूस किंमत किती विचारपूर्वक ठरवतो, हे मला आता कळते.

दोन-तीन निरोपांची देवाणघेवाण झाल्यावर जाहिरात देणाऱ्या मालकाने पुढचे बोलणे व्हॉट्सॲपवर करू या, असे सुचवले. संकेतस्थळामार्फत व्यवहार केला तर त्यांचे कमिशन आणि त्यांचा विमा यांचा बोजा दोघांवरही पडतो, त्याऐवजी थेट करार केला तर तुमचेच पैसे वाचतील, असे त्याचे म्हणणे होते. नंबर जर्मनीचा, भाषा अदबशीर, उत्तरे वेळेवर. गॅसची टाकी कुठे असते, सांडपाणी कसे सोडायचे, हे तो न विचारता समजावून सांगे. इथेच आमची पहिली चूक झाली. संकेतस्थळाच्या आत राहिलो असतो तर पैसे त्यांच्याकडे अडकून राहिले असते, आणि मुख्य म्हणजे विमा खरा असता. घरगुती वापरासाठी उतरवलेला विमा जर्मनीत पैसे घेऊन भाड्याने दिलेल्या गाडीला पुरत नाही, त्यासाठी वेगळा विमा लागतो. म्हणजे मालक खरा निघाला असता तरी इस्त्रियाच्या घाटात काही झाले असते, तर आम्ही उघड्यावर पडलो असतो.

गाडी बघायला यायचे आम्ही एकदा विचारले होते. पत्ता उल्मजवळच्या एका गावातला, म्हणजे आमच्याकडून रेल्वेने आणि पुढे बसने दीड तास. खिशात डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभरातल्या लोकल रेल्वे आणि बसला चालणारा, तेव्हा ५८ युरोंचा महिन्याचा पास होता, त्यामुळे वेगळा खर्चही नव्हता. त्यावर तो म्हणाला की गाडीला हंगामी नंबरप्लेट आहे, ती मार्च ते ऑक्टोबर एवढीच चालते, म्हणून सध्या गाडी एका शेतकऱ्याच्या कोठारात हिवाळ्यासाठी ठेवली आहे आणि त्याची किल्ली मिळायला वेळ लागेल. अशा हंगामी प्लेट इथे खरोखरच असतात. प्लेटवर उजव्या कडेला सुरुवातीचा आणि शेवटचा महिना छापलेला असतो आणि त्या काळाबाहेर गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. खऱ्या नियमाच्या आधाराने सांगितलेले हे खोटे आम्हाला ओळखता आले नाही. वास्तविक कोठारातली गाडी रस्त्यावर आणता येत नसली, तरी कोठारात जाऊन पाहता येतेच. तेवढा आग्रह आम्ही धरला नाही. आपण परदेशी माणसे, उगाच संशय घेतो असे त्याला वाटेल, हा संकोच आडवा आला. हा संकोच आपल्याकडच्या अनेकांना असतो, म्हणून तो मुद्दाम नोंदवते आहे.

मग कागद आले. त्याच्या ओळखपत्राचा फोटो, गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा फोटो आणि चार पानी करार. त्याबरोबर, करारासाठी लागतात म्हणून, आमच्या दोघांच्या पासपोर्टच्या, निवास परवान्याच्या आणि वाहन परवान्याच्या प्रती त्याने मागितल्या. हल्ली फसवणूक फार होते, तेव्हा भाडेकरूपैकी एकाने पासपोर्ट हातात धरून काढलेला फोटोही पाठवावा, अशी त्याची विनंती होती. तो फोटो मी पाठवला. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, निळ्या कुर्त्यात, पासपोर्ट हनुवटीच्या उंचीवर धरून. सहल पक्की झाल्याच्या आनंदात मी त्यात हसते आहे.

पैशांबाबत त्याने दोन पर्याय दिले. तीस टक्के आता आणि बाकीचे नंतर, किंवा सगळे एकदम भरल्यास दहा टक्के सूट. अठ्ठावीस रात्रींचे २,०१६ युरो सूट धरून १,८१४ झाले, त्यात १,५०० अनामत. खऱ्या व्यवहारात अनामत सहसा गाडी घेताना किंवा निघण्याच्या थोडे दिवस आधी भरतात, चार महिने आधी नव्हे. खाते स्पेनमधले होते. युरोपात कोणत्याही देशातल्या खात्यावर युरो पाठवता येतात आणि बरेच लोक परदेशी खाते वापरतातही, त्यामुळे तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव आणि खाते क्रमांक जुळतो का, हे ग्राहकाला विनाशुल्क दाखवावे लागते. आमच्या बँकेने दाखवले. लाल चौकटीत स्पष्ट लिहून आले की नाव जुळत नाही.

आणि तरीही आम्ही पुढे गेलो, कारण त्याने हे आदल्याच दिवशी सांगून ठेवले होते. खाते माझ्या बायकोच्या लग्नाआधीच्या नावावर आहे, बँक इशारा दाखवेल, घाबरू नका, असा त्याचा निरोप होता. इशारा आला तेव्हा आम्हाला धोका वाटण्याऐवजी त्याचे बोलणे खरे ठरल्यासारखे वाटले. इशारा वाचून, तो बाजूला सारून ग्राहकाने स्वतः पैसे पाठवले, तर बँकेची जबाबदारी उरत नाही, हे आम्हाला नंतर बँकेतल्या बाईंनी शांतपणे समजावले. आठ आठवड्यांच्या आत पैसे परत मागवता येतात, अशी आमची समजूत होती. ती सवलत समोरच्याने आपल्या खात्यातून वळते करून घेतलेल्या रकमेला असते, आपण होऊन पाठवलेल्या रकमेला नसते. आपण पाठवलेली रक्कम पहिल्या काही तासांत बँकेला कळवून कदाचित अडवता येते. आम्ही चार महिन्यांनी गेलो होतो.

या चार महिन्यांत तो गप्प बसला नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. नाताळच्या शुभेच्छा आल्या. फेब्रुवारीत गाडीला नवी बॅटरी बसवल्याचा फोटो आला. शेवटचा निरोप आला तो निघण्याच्या तीन दिवस आधी, की सकाळी दहा वाजता या, गाडी धुऊन ठेवतो.

पाडवा होऊन गेल्यावरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पाठीवर सॅक, एका पिशवीत छोटा कुकर, मेतकूट, कांदा-लसूण मसाला आणि चार दिवसांच्या पोळ्या घेऊन त्या गावात उतरलो. घर फोटोतल्यासारखेच होते, शेजारी गाडी लावायची छपराची जागा होती आणि ती रिकामी होती. बेल वाजवली. बागकामाचे हातमोजे घातलेले एक वयस्कर आजोबा बाहेर आले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, पाठीवरच्या सॅककडे पाहिले आणि "वोनमोबिल?" (कॅम्परव्हॅन?) एवढा एकच शब्द उच्चारला. आम्ही मान हलवली. ते आत गेले आणि दारामागच्या खुंटीला अडकवलेला एक कागद घेऊन आले. त्यावर पोलीस तक्रारीचा क्रमांक आणि ठाण्याचा फोन नंबर ठळक अक्षरांत लिहिला होता. त्या महिन्यात त्यांच्या दारात आलेले आम्ही तिसरे जोडपे होतो. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली, आमच्यासाठी ठाण्याला फोन केला, आणि त्यांच्या घराचे नाव वापरले गेले याबद्दल उलट आमचीच माफी मागितली. मला रडू आवरले नाही ते त्या माफीमुळे.

तक्रार आम्ही त्याच दिवशी नोंदवली. खरे सांगायचे तर नवरा तयार नव्हता. पैसे काही परत येणार नाहीत, मग दोन तास जबाब देऊन काय मिळणार, असे त्याला वाटत होते. पण त्या दिवशीच्या तक्रारीनेच पुढे आम्हाला वाचवले.

मे महिन्याच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या एका अनोळखी मुलीचा मला निरोप आला. नोकरीविषयक संकेतस्थळावर तिने मला माझ्या नावावरून आणि चेहऱ्यावरून शोधून काढले होते. निरोपात एकच प्रश्न होता: तू आमच्याशी असे का केलेस? सोबत माझा फोटो होता. खिडकी, निळा कुर्ता, हातातला पासपोर्ट. तिने आणि तिच्या मित्राने उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी याच गाडीचे पैसे भरले होते, आणि या वेळी गाडीची मालकीण मी होते. आम्हाला पाठवलेले त्या मालकाचे ओळखपत्रही अशाच कुणा फसलेल्या भाडेकरूचे असणार, हे तेव्हा ध्यानात आले. पंधरा दिवसांनी पोलिसांचे पत्र आले, त्यात मला संशयित म्हणून जबाबाला बोलावले होते. मार्चमधल्या तक्रारीचा क्रमांक आणि आम्ही तेव्हा जमा केलेले सगळे निरोप पुढे ठेवल्यावर तासाभरात खुलासा झाला. तक्रार केली नसती, तर मी हे कशाच्या आधारावर सांगितले असते, हा विचार अजूनही रात्री येतो. लोकांच्या कर्जफेडीची पत नोंदवणाऱ्या शुफा या जर्मन संस्थेकडेही ओळख चोरीला गेल्याची नोंद केली, म्हणजे माझ्या नावावर कुणी कर्ज किंवा फोनची जोडणी घ्यायला गेले तर समोरच्याला कळेल.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे पैशांच्या आधी कागदांबद्दल आहे. पासपोर्टची प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर आडव्या ठळक अक्षरांत, कोणत्या गाडीच्या भाड्यासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला दिली, हे लिहूनच द्या. अक्षरे फोटोवरून आणि नावावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात नकोत. पासपोर्ट हातात धरलेला फोटो कोणत्याही खाजगी व्यक्तीला देऊ नका. गाडी पाहिल्याशिवाय पैसे भरू नका, आणि अंतर फारच असेल तर मालकाला व्हिडिओ कॉलवर गाडीभोवती फिरायला सांगा, तुम्ही म्हणाल ते कपाट आणि तुम्ही म्हणाल तो दरवाजा त्याच वेळी उघडायला सांगा. पाठवलेल्या चित्रफितीवर समाधान मानू नका.

जाहिरातीतले फोटोही नीट पाहा. ते आम्ही शंभर वेळा पाहिले होते, पण पडदे आणि पलंग पाहिला. जूनमध्ये पोलिसांना देण्यासाठी पुन्हा उघडले तेव्हा नवऱ्याचे लक्ष गेले, की सरकता दरवाजा गाडीच्या डाव्या अंगाला आहे. जर्मनीत रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात, त्यामुळे फुटपाथकडे उघडणारा हा दरवाजा इथल्या डुकाटोला उजवीकडे असतो. डावीकडे तो ब्रिटनमधल्या गाड्यांना असतो. सगळ्या फोटोंत स्टिअरिंगची बाजू कापलेली होती. ती गाडी बहुधा ब्रिटनमधल्या कुणाची तरी आहे आणि आपले फोटो कुठे फिरत आहेत, याची त्या मालकाला कल्पनाही नसेल.

ती जाहिरात काढून टाकल्याचे आम्हाला कळवण्यात आले आहे, पण तेच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा दिसल्याचे त्या डच मुलीने मागच्या आठवड्यात कळवले. तेव्हा हळदी रंगाच्या पडद्यांची, डावीकडे दरवाजा असलेली डुकाटो तुम्हाला कोणी देऊ केली, आणि मालकाची ओळख म्हणून निळ्या कुर्त्यातल्या, पासपोर्ट धरून हसणाऱ्या मराठी मुलीचा फोटो तुमच्याकडे आला, तर ती मी आहे. माझ्या मालकीची कोणतीही गाडी नाही. कृपया पैसे भरू नका आणि तो निरोप जसाच्या तसा जपून ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यात द्या.