बल्करची ट्रॉली ‘उचलून’ देणारा मिस्त्री आणि माझे १,८४,५०० रुपये

सुटं सिमेंट टाकीतून नेणाऱ्या बल्करवाल्यांना वेगळं सांगायला नको. ट्रॉलीच्या पोटाखालचा, माल बाहेर काढायचा डिस्चार्ज पाइप ही कायमची डोकेदुखी. किंगपिनपासून (ट्रॉली घोड्याला, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीला, जोडायची खीळ) मागच्या एक्सलपर्यंत एवढी लांबी, की टाकीचा मधला निमुळता कोन नेमका स्पीड ब्रेकरवर टेकतो. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर. आमच्या रस्त्यावरच्या गावांनी हे कधी ऐकलेलं नाही, एका रात्रीत बांध घालून मोकळे होतात. कर्नाटकातल्या वाडीहून पुण्याला माल आणताना पाइप घासला नाही अशी खेप नसायची, म्हणून ट्रॉली उचलून, म्हणजे चाकांवरून उंच करून, घ्यायची ठरवली.

सोलापूरकडच्या एका वर्कशॉपवाल्याने २,१५,००० सांगितले, १,८४,५०० वर तुटलं. चेकने ६०,०००, रोख ९०,०००, फोनवरून ३४,५००. तिन्ही एक्सलला नवे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), ते धरणारे उंच हँगर, लांब यू-बोल्ट. “शेठ, चार इंच गॅरंटी, लेखी घ्या.” लेखी म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर जीएसटी नंबरही नाही. दोन ओळखीच्या गाडीवाल्यांनी याचं नाव सुचवलं होतं. त्यांना कमिशन मिळतं हे नंतर कळलं, आता ते माझा फोन उचलत नाहीत.

ताबा घेतानाचा प्रसंग आठवला की आजही डोकं फिरतं. घोडा दुसऱ्या ट्रॉलीला लावलेला, त्यामुळे माझी ट्रॉली नुसती लँडिंग लेगवर, म्हणजे पुढच्या टेकूच्या पायांवर, उभी. त्याने टेप लावून दाखवली : आधी ११ इंच होतं, आता १५. फोटो काढला. मीही वाकून बघितलं, आकडा खरा होता. पण ट्रॉलीचं नाक वर होतं! लेगचे दांडे पार बाहेर काढलेले, तेलाने चकचकीत. पुढून आठ इंच वर काढलं की मधला कोन चार इंच आपोआप वर येतो. पाट्यांना हात लावला तर बोटाला काळा रंग लागला. नव्या पाट्यांना कोण ओला रंग मारतो? पण पाऊस पडत होता, भरायचा नंबर लागलेला होता, हप्त्याची तारीख तोंडावर. त्या घाईत पाने घेऊन पाटे उघडायला बसणारा मालक मला दाखवाच. त्याने मुहूर्तच तो साधला.

ड्रायव्हर म्हणाला होता, “मालक, काही फरक वाटत नाही.” भरल्यावर पाटे बसले आणि पहिल्याच मोठ्या ब्रेकरला पाइप फ्लँजच्या जोडापाशी फाटला. पावसाचं पाणी आत शिरलं, पाइपात सिमेंटचा दगड झाला. बटरफ्लाय व्हॉल्व्ह गेला, प्लांटने २२,७४० कापले. दुसऱ्या मिस्त्रीने रंग खरवडला तर खाली माझेच जुने गंजके पाटे. त्यानेच सांगितलं, फक्त मागून चार इंच उचललं तर मधे निम्मेच मिळतात. पुढे घोड्यावरचं, किंगपिन बसतो ते फिफ्थ व्हीलही वर घ्यावं लागतं, आणि तसं केलं की भरलेली टाकी वळणावर कलंडायची भीती वाढते. हे आधी कोणी सांगायचं?

पोलीस ठाण्यात गेलो. “काम आवडलं नाही, ही दिवाणी बाब आहे.” अहो, नवे म्हणून जुने पाटे दिले, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसत नाही तर काय बसतं? मग म्हणाले, पैसे फोनवरून दिलेत ना, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा. तिथून उत्तर आलं की हा सायबर गुन्हा नाही. ग्राहक आयोगाच्या दारात एकाने ऐकवलं, गाडी व्यापारी आहे, तुम्ही ग्राहकच नाही. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याला त्याच कायद्यात सूट आहे, हे वकिलाकडून कळलं. आरटीओत तर कहर! “उंची बदलायची परवानगी घेतली होती? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तुमच्यावर लागेल.” म्हणजे लुटला गेलो मी आणि आरोपीही मीच. विमावाल्यानेही तेच कारण धरून फाइल बंद केली.

माप घ्यायचं तर घोडा जोडून, माल भरून, सपाट काट्यावर. रोख देऊच नका. जुने पाटे काढले की ते आधी ताब्यात मागा. देत नसेल तर ते तुमच्याच गाडीला परत चढतायत. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोच ठेवा. मी पाठवलंय.

तो अजूनही १५ इंचांच्या टेपचा माझ्या ट्रॉलीचा फोटो स्टेटसला टाकून गिऱ्हाईक धरतोय. दिसला तर लँडिंग लेगकडे बघा.