संगणक ठरल्या वेळी आपोआप सुरू करायचा, तर गजर कुठे लावावा?

मध्यरात्री बॅकअप घ्यायचा असो किंवा सकाळी ऑफिस उघडण्याआधी यंत्र तयार हवे असो, संगणकाला ठरल्या वेळी जागे करण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत: बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, गजर लावून ठेवणे, किंवा विंडोज, लिनक्स वा मॅककडून तो लावून घेणे. सामान्य पीसीवर दोन्ही मार्गांत गजर वाजवते ते मदरबोर्डवरचेच घड्याळ, जे वीज नसताना नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलवर चालते. हा गजर तसा जुनाच आहे. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमधल्या घड्याळातही तो होता, मात्र त्याला तास, मिनिट आणि सेकंद एवढेच कळत, तारीख कळत नसे. दोन्ही मार्गांत घड्याळ एकच असल्याने निवड करताना पाहायचे ते हे, की रात्री आपण यंत्र कोणत्या अवस्थेत सोडून जातो.

रोज शटडाऊन करूनच जाणाऱ्यांसाठी बायोसचा मार्ग योग्य आहे. ‘वेक ऑन आरटीसी’ (आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरचे ते घड्याळ), ‘रिझ्यूम बाय अलार्म’ अशा नावांनी ही सोय पॉवरच्या पानावर सापडते आणि एकदा वेळ भरली की विंडोज पुन्हा टाकले तरी ती टिकते. त्याच पानावर ‘ईआरपी’ नावाची वीजबचत चालू असेल, तर बंद यंत्राला मिळणारी थोडीशी वीजही तोडली जाते आणि गजर निकामी होतो. आपल्याकडे निघताना भिंतीवरचे बटण बंद करण्याची जी सवय आहे, तिचाही परिणाम तोच होतो: सेलवर घड्याळ चालत राहते, परंतु यंत्र उठवायला लागणारी वीज त्या सेलमध्ये नसते. शिवाय शटडाऊननंतर सुरू झालेला संगणक पासवर्डच्या पडद्यापाशी थांबतो, त्यामुळे ‘उघडलेल्या फायली जशाच्या तशा समोर हव्यात’ ही अपेक्षा येथे ठेवता येत नाही. अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये तर ही सोयच नसते.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, काम नेमताना ‘हे काम करण्यासाठी संगणक जागा करा’ या अर्थाची खूण करता येते. वार, तारीख, महिना असे हवे तसे वेळापत्रक येथे बसवता येते, जे बहुतेक बायोसमध्ये शक्य नसते. मात्र हा गजर स्लीप (चालू काम रॅममध्ये ठेवून झोपणे) आणि हायबरनेट (ते डिस्कवर उतरवून बंद होणे) या अवस्थांतच भरवशाचा आहे. शटडाऊन केलेल्या यंत्रासाठी त्यावर विसंबू नये. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वेक टायमर्स’ना परवानगी द्यावी लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. दुसरी खोच अशी, की कोणी कळफलकाला हात लावला नाही आणि चालू प्रोग्रॅमनेही जागे राहण्याची विनंती केली नाही, तर असा उठलेला संगणक साधारण दोन मिनिटांत परत झोपतो, आणि लांबलचक बॅकअप अर्ध्यावर राहतो.

लिनक्सवरची ‘आरटीसीवेक’ ही आज्ञा मला या सर्वांत सरळ वाटतो, कारण एकाच आज्ञेत यंत्र झोपवता किंवा पूर्ण बंदही करता येते आणि किती सेकंदांनी उठायचे तेही सांगता येते. पण लिनक्स मदरबोर्डचे घड्याळ सहसा जागतिक वेळेवर ठेवते, तर विंडोज स्थानिक वेळेवर. लिनक्स असलेल्या माझ्या संगणकावर मी बायोसमध्ये सकाळी ६ ची वेळ भरली होती आणि तो इमानेइतबारे साडेअकराला सुरू होत होता. जागतिक आणि भारतीय वेळेतल्या साडेपाच तासांचा हा हिशेब लक्षात येईपर्यंत दोन दिवस मी सेललाच दोष देत होतो. येथे ६ साठी ००:३० भरायचे असते. मॅकवर २०२२ च्या व्हेंचुरापासून सेटिंग्जमधले वेळापत्रक काढून टाकले आहे, तरी टर्मिनलमधली ‘पीएमसेट’ ही आज्ञा तेच काम करते.

वीज वारंवार जात असेल, तर डेस्कटॉप स्लीपमध्ये ठेवणे धोक्याचे आहे, कारण ती अवस्था रॅममध्ये असते आणि वीज जाताच पुसली जाते. हायबरनेटमध्ये ती डिस्कवर उतरलेली असल्याने काम सुरक्षित राहते, जरी वीज परत आल्यावर गजर टिकेलच याची हमी प्रत्येक मदरबोर्ड देत नाही. म्हणून घरच्या विंडोज डेस्कटॉपसाठी मी हायबरनेट आणि टास्क शेड्युलर ही जोडी निवडेन. रोज संध्याकाळी सगळे बंद होणाऱ्या दुकानासाठी किंवा छोट्या ऑफिससाठी बायोसचा गजर निवडेन, आणि भिंतीवरच्या त्या बटणावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवेन.

विंडोजचा मार्ग निवडल्यास पाच मिनिटांनंतरचे एक काम नेमून ‘पॉवरसीएफजी’ या विंडोजच्या आज्ञेच्या ‘वेकटायमर्स’ पर्यायाने गजर खरोखर लागला आहे का ते पाहावे, यंत्र हायबरनेट करावे, आणि ते उठल्यावर ‘लास्टवेक’ पर्यायाने त्याला नेमके कशाने उठवले हे विचारावे. यंत्र स्लीपमध्ये असेल, तर कित्येकदा उठवणारा गजर नसून टेबलाला धक्का लागून हललेला माउस असतो.