सिलेंडर जागचा हललाही नाही आणि हायड्रो टेस्ट ‘पास’!

दिवाळीच्या तोंडावर आमच्या गाडीच्या सीएनजी सिलेंडरच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची, तीन वर्षांची मुदत संपली. पंपावरच्या मुलाने टेस्टची तारीख असलेली गाडीवरची प्लेट पाहून गॅस भरायला नकार दिला. त्याचं बरोबरच होतं. तिथेच रांगेत एकाने माझ्या हातात कार्ड ठेवलं. ‘अर्ध्या तासात प्लेट लावून देतो, साहेब.’

साताऱ्याला जायची घाई होती. मी गाडी त्याच्या ताब्यात दिली आणि अर्ध्या तासात नवी प्लेट, सर्टिफिकेट घेऊन निघालो.

खरी हायड्रो टेस्ट करायची तर सिलेंडर गाडीतून उतरवावा लागतो. तो रिकामा करून त्यात पाणी भरतात, नेहमीच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब देतात, मग आतून वाळवतात. सीएनजी भरतात २०० बार दाबाने. आपल्या टायरमध्ये हवा असते जेमतेम सव्वादोन बार. अर्ध्या तासात हे सगळं होईलच कसं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

खंबाटकी ओलांडल्यावर मागे बसलेली आई म्हणाली, “अरे, गॅससारखा वास येतोय.” गाडी कडेला घेऊन बंद केली, सगळ्यांना लांब उभं केलं, दारं-डिकी उघडी टाकली आणि सिलेंडरचा वॉल्व्ह हाताने बंद केला. सीएनजी हवेपेक्षा हलका, उघड्यावर वर निघून जातो. पण काचा लावलेल्या गाडीत तो कोंडतो, आणि मग एक ठिणगी पुरते. आईच्या मांडीवर माझी चार वर्षांची मुलगी झोपली होती.

पुढे पेट्रोलवर साताऱ्याला पोचलो. तिथल्या फिटरने साबणाचं पाणी लावताच वॉल्व्हच्या जोडाशी बुडबुडे आले. ब्रॅकेटच्या नटांवर जुनी धूळ तशीच होती, पाना लागल्याची खूणसुद्धा नव्हती. सिलेंडरच्या मानेवर कोरलेली तारीख तीन वर्षांपूर्वीचीच, आणि सर्टिफिकेटवरचा नंबर भलत्याच सिलेंडरचा! तुमचं सर्टिफिकेट आजच काढा आणि त्यावरचा नंबर सिलेंडरवरच्या नंबराशी जुळवून बघा. टेस्टिंग सेंटर पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलेंडरच्या सुरक्षेवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता असलेलंच निवडा, आणि सिलेंडर उतरवताना तिथे उभे राहा.

सिलेंडर खाली घेतल्यावर पट्ट्याखाली खोल गंज निघाला. सिलेंडर बादच करावा लागला.

त्या माणसाला फोन केला, तर म्हणाला, “पैसे परत देतो, विषय वाढवू नका.” मी घेतले नाहीत. फोटो आणि सर्टिफिकेट जोडून पेसोकडे तक्रार केली आहे. परवा त्याच पंपावर गेलो, तर रांगेत तो अजूनही कार्डं वाटत होता.