बडोद्यातला आर्टिस्टिक स्केटिंगचा (म्हणजे गाण्यावर उड्या, गिरक्या घेत करायचं स्केटिंग) क्लास, दीड वर्षाचा अनुभव

मुलीला स्केटिंगला घालायचं म्हटलं की आपल्याकडे सगळे स्पीडचाच क्लास धरतात, आम्हीही तेच केलं होतं. आधीच्या ठिकाणी दोन वर्षं ती नुसती गोल गोल पळत होती, आणि पोरीला पळण्यापेक्षा गिरक्या घ्यायला आवडतं हे तिथे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग दांडिया बाजारातल्या मैत्रिणीने या ताईंचं सांगितलं. त्या स्वतः चार चाकांच्या स्केट्सवर आर्टिस्टिक खेळलेल्या, नंतर काही वर्षं शो केले, आता शिकवतात आणि स्पर्धेसाठी प्रोग्रॅमही, म्हणजे गाण्यावरचा पूर्ण सादरीकरणाचा क्रम, बसवून देतात. माझ्याकडून 5 पैकी साडेचार.

पहिल्या दिवशी ताईंनी मुलीला रिंकवर सोडलंच नाही. आधी तिचे स्केट्स हातात घेऊन उलटे केले, खालचं नट अर्धा फेरा सैल केलं आणि म्हणाल्या, हिचं वजन कमी आहे, एवढं घट्ट ठेवलं तर चाकं कलणारच नाहीत, मग एका बाजूला झुकून वळणार कशी? दोन वर्षं आम्ही समजत होतो की हिला वळणं जमत नाही!!

आता उड्यांचं. आइस स्केटिंगमध्ये बुटाच्या टोकाला दाते असतात, रोलरवर त्या जागी रबराचा स्टॉपर, पण उड्या बऱ्याचशा त्याच, फक्त टो लूप नावाच्या उडीला रोलरवाले मेप्स म्हणतात. आमची सध्या सिंगल अॅक्सेलवर अडकलीये. बाकी उड्या पाठमोऱ्या सुरू होतात, अॅक्सेल एकटीच समोर तोंड करून घ्यायची आणि उतरायचं मात्र पाठमोरं, म्हणून सिंगल म्हटली तरी हवेत दीड गिरकी होते. ताई आधी साध्या बुटांवर, जमिनीवर करून घेतात, हात छातीशी किती लवकर येतात एवढंच बघतात, कारण हात आत आले की अंग आपोआप जोरात फिरतं. चुकलं की "फरीथी" (गुजरातीत पुन्हा), परत चुकलं की परत "फरीथी", पण आवाज कधी चढत नाही. पडलेल्या मुलाला लगेच उचलायलाही धावत नाहीत, कसं उठायचं ते पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं.

आता प्रोग्रॅम बसवण्याबद्दल, कारण मला लिहायचंय ते मुख्य हेच. मी घरून एक गाणं ठरवून गेले होते. ताईंनी ते बाजूला ठेवलं, पंधरा दिवस हिला नुसतं बघितलं, आणि एक दिवस विचारलं, नवरात्रात गरबा खेळतेस ना, मग तिथे तुझे हात एवढे मोकळे असतात आणि इथे लाकडासारखे का? मग स्केट्स काढायला लावून तिच्याकडून त्रण ताळी (गरब्यातल्या तीन टाळ्या) करून घेतली आणि त्या हातांवरूनच मधली स्टेप्सची ओळ बसवली. उड्या कुठे टाकायच्या तेही हिचा दम बघून ठरवलं, अवघड उडी सुरुवातीला, दम लागतो तिथे एक लांब सरळ घसरण, मग शेवटचा स्पिन. पहिल्यांदा पूर्ण म्युझिकवर केलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते.

मला वाटतं हे स्वतः लोकांसमोर स्केटिंग केलेल्या माणसालाच जमतं. आइसवरची मोठी नावं बघा ना. ब्रायन ऑर्सरला 1984 आणि 1988 दोन्ही ऑलिंपिकमध्ये सिल्व्हरच मिळालं, पुढे कित्येक वर्षं शो केले, मग टोरांटोला कोच झाला आणि त्याच्या हाताखाली कोरियाच्या यूना किमने 2010 ला आणि जपानच्या युझुरू हान्यूने 2014, 2018 ला ऑलिंपिक गोल्ड घेतलं. जेफ्री बटल 2008 चा वर्ल्ड चॅम्पियन, त्याच वर्षी त्याने स्पर्धा सोडली आणि कोरिओग्राफीत इतका रमला की हान्यूचा सोचीच्या 2014 ऑलिंपिकमधला शॉर्ट प्रोग्रॅम (स्पर्धेतली छोटी फेरी) त्यानेच बसवलेला, हान्यूला त्यात 101.45 गुण मिळाले होते. आपल्याकडे आइस कुठून आणायचा, पण रोलरवर अनुप कुमार यामाने 2010 च्या ग्वांगझू एशियन गेम्समध्ये सिंगल्सचं ब्राँझ आणलं, अवनी पंचालबरोबर पेअर्सचंही. हे आमच्या मुलीला ताईंनीच पहिल्यांदा सांगितलं, मला तर माहीतच नव्हतं.

अर्धा मार्क का कापला? रिंकला वर छत नाही, त्यामुळे पावसाळ्यात महिन्याचे आठ-दहा दिवस जातातच आणि ते भरून मिळत नाहीत. मे महिन्यात सुट्टीची मुलं येतात तेव्हा गर्दी फार होते, मोठ्या मुलींना उडीसाठी लांब पट्टा मिळत नाही. प्रोग्रॅम बसवायचे पैसे फीपेक्षा वेगळे, आणि नंतर गाणं बदललं तर परत द्यावे लागतात, हे आधी सांगायला हवं होतं. मी बोलले, ताईंनी ऐकून घेतलं, आता नवीन पालकांना पहिल्याच दिवशी सांगतात.

जाणार असाल तर स्केट्स आधी विकत घेऊ नका, आम्ही घाईत घेतलेली जोडी चाकांसकट बदलावी लागली. संध्याकाळी सहाच्या बॅचला जाऊन पायऱ्यांवर बसा, मुलं गेल्यावर कधीकधी ताई स्वतः दहा मिनिटं स्केट करतात, लाइट बंद व्हायच्या आत, तेवढं नक्की बघा.