ज्यूसच्या खोक्यांचे पत्रे: गोठ्यावर दहा महिने

मार्चअखेर गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे काढले. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक, म्हणून फोडाफोड न करता ओले करून अख्खे उतरवले. वर घातले टेट्रापॅकच्या कचऱ्यापासून केलेले नागमोडी पत्रे. आमचा गाव संगमेश्वर तालुक्यात. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तेव्हा एक पावसाळा जाईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी हा पत्रा म्हणजे काय ते सांगतो. ज्यूसच्या खोक्यात साधारण पाऊण भाग कागदच. कागदगिरणीत खोकी पाण्यात घुसळली की कागदाचा लगदा सुटतो आणि मागे राहतं एकमेकांना चिकटलेलं पॉलिथिन आणि अ‍ॅल्युमिनियम. ते वेगळं करत बसणं परवडत नाही. म्हणून त्याचे तुकडे करून गरम दाबतात. पॉलिथिन वितळून तेच डिंकाचं काम करतं. जवळून बघाल तर राखाडी अंगात चंदेरी चकाकी आणि मध्येच लाल-हिरवे ठिपके दिसतात. स्ट्रॉ नाहीतर झाकणांचे असावेत.

पहिली चूक आमच्या वेल्डरची, आणि माझीही. लोखंडी पत्र्याला देतात तसं त्याने चार-चार फुटांवर पाइप मारले. मे महिन्याच्या उन्हात पत्र्यांना मधोमध पोट आलं. मिरगाच्या आधी धावपळ करून मधे आणखी पाइप टाकले, अंतर दोन फुटांवर आणलं. विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवं होतं, फोन केल्यावर म्हणाला, "सगळे असंच बसवतात."

दुसरी गोष्ट स्क्रूची. प्लास्टिक उन्हात लोखंडापेक्षा कितीतरी पट वाढतं. भोक स्क्रूएवढंच पाडून करकचून आवळलं की पत्रा फुगून वायसर उचलला जातो. जुलैत तीन ठिकाणी ठिबकलं, तिन्ही ठिकाणी हेच कारण. भोकं मोठी केली, रुंद रबरी वायसर घातले. त्यानंतर गळती नाही.

आता सुख. टिनाखाली पाऊस आला की ताशा वाजतो. इथे गोणपाटावर पाणी ओतल्यासारखा दबका आवाज. पहिल्या मोठ्या सरीला म्हैस शांतपणे रवंथ करत होती, हे मी दारात उभं राहून पाहिलंय. दुपारचा ताव टिनापेक्षा कमी, कौलांइतका गारवा मात्र नाही. गंज नाही. आणि वानर! कौलांवर त्यांची एक उडी म्हणजे चार कौलं गेली. इथे धपकन आवाज होतो, पत्रा दबतो आणि परत वर येतो. हा एकच मुद्दा कोकणातल्या माणसाला पुरेसा आहे.

कापताना भुसा उडतो, तो परसात सांडला तर प्लास्टिकच सांडलं. खाली ताडपत्री अंथरा. पागोळीचं पाणी आम्ही माडांना सोडतो, पिण्याच्या टाकीत घेत नाही.

आगीचं मात्र सांभाळा. श्रावणात डासांसाठी शेणीचा धूर केला होता. पाटी छपराच्या सखल टोकाखाली राहिली आणि पत्र्याची कड जिभेसारखी लोंबली. पेटलं नाही, नशीब. वीतभर तुकडा कापून टाकावा लागला.

उरलेल्या तुकड्यांनी कोंबड्यांचं खुराडं झाकलंय. यंदा पडवीवर हेच घालणार आहे, पाइप आधीच मोजून. चुलीच्या खोलीवर आईने कौलंच ठेवायला लावलीत.