स्वतःचा माल की भाड्याचा? व्हॅनच्या परवान्याची तुलना

व्हॅन तीच, चालक तोच, तरी युरोपीय संघात सीमा ओलांडताना परवान्याचं गणित बदलतं. सुतार आपणच बनवलेली कपाटं आपल्याच व्हॅनमधून गिऱ्हाईकाकडे पोचवतो, तेव्हा वाहतूक हा त्याच्या धंद्याचा जोडभाग ठरतो. माल आपला आणि चालक आपल्या पगारावरचा, एवढ्या अटी पाळल्या की वाहतूकदाराचा परवाना लागत नाही.

परतीच्या फेरीत रिकामी व्हॅन नको म्हणून शेजाऱ्याचं सामान पैसे घेऊन टाकलं, की ती भाड्याची वाहतूक झाली. २१ मे २०२२ पासून अशा वाहतुकीत २.५ टनांवरच्या व्हॅनलाही परवाना लागतो. आधी ही मर्यादा ३.५ टन होती. पात्र वाहतूक व्यवस्थापक नेमायचा, आर्थिक ऐपत दाखवायची, हे सगळं मागोमाग येतं. छोट्या धंद्याला हे जडच जातं, पण रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी मला ते रास्त वाटतं.

वजन मोजताना गफलत होते. बघायचं ते आज भरलेलं वजन नव्हे, तर व्हॅनवरच्या पाटीवर कोरलेलं कमाल अनुज्ञेय वजन. मागे ट्रेलर जोडला तर त्याचंही धरायचं.